अनुमोदक : सौ. शेवंती

सचिवबाईंनी कागद डोळ्यांजवळ धरला आणि एका दमात वाचून टाकलं, "सूचक, पंच श्री. गुरुदास परब. अनुमोदक, सौ. शेवंती गुरुदास परब."

शेवंती तेव्हा मागच्या बाकावर बसून उषाच्या पदराला चिकटलेली कुसळं एकेक करून काढत होती. आपलं नाव ऐकलं आणि तिचा हात तिथेच राहिला. आपल्याच नावाची दुसरी कोणी बाई गावात आहे का, असं क्षणभर तिच्या मनात येऊन गेलं. पण नवऱ्याचं नावही जुळत होतं.

"ताई, तुमचं नाव घेतलं की," उषा कुजबुजली. "तुम्हीच म्हणताय व्हय, शाळा बंद करा म्हणून?"

ग्रामसभा शाळेतच भरायची. पंचायतघरात सरपंचाचं टेबल आणि दोन कपाटं ठेवली की माणसाला उभं राहायला जागा उरत नसे, म्हणून सभेच्या रविवारी शाळेचा वर्ग उघडायचे. मग गावातली मोठमोठी माणसं पोरांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसायची आणि समोरच्या फळ्यावर शनिवारची हातच्याची गणितं तशीच असायची. आजचा ठराव या शाळेचाच होता. पटावर जेमतेम आठ-नऊ मुलं उरली आहेत, तीही बहुतेक तुयेच्या कारखान्यांत कामाला आलेल्या कोल्हापूर-बेळगावकडच्या माणसांची. तेव्हा त्यांना विमानतळाच्या रस्त्यापलीकडच्या शाळेत घालावं आणि ही इमारत लग्नं, नाटकं, बारशी यांच्यासाठी सभागृह म्हणून गावाला मिळावी, अशी शिफारस शिक्षण खात्याकडे करायची होती.

शेवंतीचा या शाळेशी संबंध म्हणजे, मुलांचं दुपारचं खाणं तिचा महिला गट करायचा. सकाळी पोदेराकडून पाव घ्यायचे, मोठ्या टोपात भाजी करायची आणि मागच्या पडवीत बसवून वाढायची. उषाची प्रतीक्षा तिसरीत होती. भाजीतले वाटाणे ती आधी वेचून खायची आणि मग आणखी वाटाणे घाल म्हणून ताटली पुढे करायची. एरवी कोणी काही विचारलं तर खाली बघणारी ती पोर, वाटाण्यांच्या बाबतीत मात्र कोणाला बधत नसे. शेवंतीला तिचं भारी कौतुक.

आता गुरुदास काही वाईट माणूस नव्हे, हे सांगून टाकलेलं बरं. पेडण्याच्या बाजारात त्याचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान होतं. गावात पंच, जत्रेच्या नाटकात हटकून मोठी भूमिका. दारूला शिवायचा नाही, बायकोवर कधी आवाज चढवल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. त्याचा बाप भारी तापट. भात मऊ झाला म्हणून ताट अंगणात भिरकावणारा, आणि त्याच्यासमोर मान वर करायची घरात कोणाची टाप नव्हती. ते बघूनच गुरुदासने मनाशी ठरवलं होतं की आपल्या घरात असं चालू द्यायचं नाही. आपल्या घरात चर्चा होईल.

आणि झाली, अगदी रोज. रात्री जेवायला बसलं की गुरुदास विषय काढायचा. विमानतळ आल्याने पेडण्याचं भलं झालं की वाटोळं? गावात मोबाईलचा टॉवर हवा की नको? दिवसभर घरात चालणारी बोली बाजूला ठेवून तो सभेतलं मराठी बोलू लागायचा आणि समोर त्याची एकुलती एक गौरवी, पहिली-दुसरीत असल्यापासून, त्याला तशाच मराठीत उत्तरं द्यायची. एक दिवस ती बाजूने, हा विरोधात. दुसऱ्या दिवशी बाजू बदलायच्या. पोरीने वक्तृत्वाचे इतके चषक आणले की दर्शनी कपाटातल्या काचेच्या बश्या माळ्यावर गेल्या. आता ती वकिलीच्या कॉलेजात होती. "आमच्या घरात कोणाचं तोंड दाबून ठेवत नाहीत," असं गुरुदास आल्यागेल्याला सांगायचा आणि माणसं माना डोलवायची.

आणि शेवंती? शेवंती वाढायची. कोणाला माशाचं डोकं, कोणाला शेपटी, कोणाची आमटी संपली, कोणाला कढी हवी. तिला विषय सगळे ठाऊक असायचे, कारण स्वयंपाकघराचं दार काही बंद नव्हतं. मराठी शाळा टिकाव्यात का, असा विषय निघाला त्या दिवशी तिला राहवलं नाही. ती दारात येऊन म्हणाली होती, "आमच्या शाळेतली ती उषाची प्रतीक्षा..."

"ते ठीक गो," गुरुदास म्हणाला होता, "पण आत्ता तो मुद्दा नव्हे. जरा सोलकढी आण."

रागाने नव्हे, अगदी प्रेमाने म्हणाला होता. गौरवी कागदावर मुद्दे लिहीत होती, तिने मान वर केली नाही. शेवंतीने सोलकढी आणली.

ठरावावर बाईमाणसाचं नाव घालायची कल्पना अशी निघाली की, गटविकास कार्यालयातला साहेब मागे म्हणाला होता, तुमच्या सभेत बायकांचा सहभाग दिसत नाही. सरपंच म्हणाला, बाई कुठून आणायची? गुरुदास म्हणाला, आमची शेवंती आहे की. एवढ्यावर काम झालं. सकाळी त्याने तिला फक्त इतकंच सांगितलं, आज सभेला ये, बायका कमी असतात. तिनेही घाईघाईत माशांचं हुमण करून ठेवलं, चांगलं पातळ नेसली आणि शाळेच्या किल्ल्या घेऊन निघाली.

सचिवबाईंचं वाचून झालं तेव्हा सरपंच उभा राहिला. मधुकर सरपंच म्हणजे देवळात गाऱ्हाणं घालणारा माणूस. नारळ हातात धरून तो देवाला साकडं घालू लागला, की त्याच्या प्रत्येक वाक्यामागून सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणायचा. गाऱ्हाण्यात कोणी 'नाय म्हाराजा' म्हटल्याचं म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हतं. आणि मधुकरचा सभेतला सूरही तोच असायचा, तसाच लांबवलेला, शेवटी उचललेला.

"तर गावाच्या भल्यासाठी हा ठराव मांडलेलो आसा," तो म्हणाला. "शाळेची जागा गावाक मेळतली, हॉल जातलो, लग्नाक पेडण्याक धावूंक नको. मंजूर मरे?"

"व्हय," पुढच्या बाकांवरून आवाज उठला. एक म्हातारा तर सवयीने 'व्हय म्हाराजा' म्हणून गेला आणि दोन-चार जण हसले. सचिवबाईंनी पेन टेकवलं.

शेवंतीला उठायला वेळ लागला. बाक आणि डेस्क एकमेकांना खिळलेले, मधून अंग काढताना डेस्क फरशीवर खरवडलं आणि त्या आवाजाने सगळ्यांनी मागे वळून पाहिलं.

"मी अनुमोदन दिवंक नाय," ती म्हणाली.

गुरुदास पुढे खुर्चीवर बसला होता. त्याच्या चेहऱ्यावर हसू आलं. बायकोला सभेची रीत माहीत नाही, असंच त्याला वाटलं.

"अगो, बस बस. तुला काही करायचं नाही त्यात," तो समजुतीने म्हणाला. "अनुमोदक म्हणजे, सूचकाने जो ठराव मांडला त्याला..."

"अनुमोदक म्हणजे कोण तां माका कळता. माका कोणी विचारूंक नाय. नाव माझां आसा, तोंड माझां न्हय."

पुढच्या डेस्कला मोबाईल टेकवून गौरवी सभेचं चित्रीकरण करत होती. वडिलांनी आज करायचं भाषण तिनेच लिहिलं होतं, मुद्द्यांना आकडे घालून, शेवटी टाळी मिळेल असं वाक्य ठेवून. तिने मोबाईल हातात घेतला आणि तो आईकडे वळवावा की नको, हे न कळून तसाच धरून राहिली.

"गुरुदास," सरपंच म्हणाला, "तुमी दोगां भायर जावन बोलून येया. तवसर आमी चाय घेतंव."

मागच्या पडवीत गटाचा गॅस आणि पालथे घातलेले टोप होते. गुरुदासने आधी वर्गाच्या खिडकीकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. सभेतलं मराठी तो आतच ठेवून आला होता.

"सगळ्यांसमोर माझी लाज काडलंस."

"सगळ्यांसमोर तुमी माझां नाव घातलास."

"अगो, घरचां नाव म्हणान घातलंय. परक्या कोणाचां असतां तर विचारलां नसतां?"

हे तो अगदी मनापासून बोलला. शेवंतीलाही कळलं की यात खोटं काही नाही. परकी बाई असती तर हा माणूस दोनदा तिच्या दारी गेला असता, खुर्चीत बसून चहा घेतला असता, ठराव समजावून सांगितला असता, आणि ती नको म्हणाली असती तर हात जोडून परत आला असता. हे सगळं तिच्या डोळ्यांसमोर आलं आणि तिला राग आला. इतका की तिने उगाचच एक टोप उचलून सरळ केला.

"घरात रोज चर्चा जाता," गुरुदास म्हणाला. "तुका कोणी अडवलेलां? सांग माका. एकदा तरी गप बस म्हटलंय?"

"नाय. अडवूंक नाय. विचारूंकपण नाय."

"बरां, मान्य. आता एक कर. आत जा, व्हय म्हण, आणि घरी गेल्यावर आपण निवांत बसून चर्चा करूया. तू म्हणशीत तितको वेळ. पुढच्या वर्षी इलेक्शन आसा गो. घरची बायलच ऐकत नाय म्हटल्यार माका कोण मत दितलो?"

शेवंतीला भीती वाटत होती, ते लपवण्यात अर्थ नाही. आत गावातली झाडून सगळी माणसं बसली होती, त्यांतल्या निम्म्यांशी कसलं ना कसलं नातं. उद्या बाजारात, देवळात, विहिरीवर हाच विषय चघळला जाणार होता. आणि समोर हा माणूस, ज्याने तिला कधी मारलं नाही, कधी उपाशी ठेवलं नाही, तो आज पहिल्यांदा तिच्याकडे काहीतरी मागत होता. व्हय म्हटलं की सगळं मिटत होतं. एक शब्द तर होता.

"मी नाय म्हणतलंय," ती म्हणाली.

"आणि मी खंय तोंड दाखवू?"

"तां तुमी बघा."

ती आत गेली. गुरुदास थोडा वेळ पडवीतच राहिला.

वर्गात चहाचे कागदी पेले फिरत होते. शेवंती मागच्या बाकावर परत गेली नाही. ती फळ्याजवळ, बाई जिथे उभ्या राहून शिकवतात तिथे जाऊन उभी राहिली. तिथे जायचं तिने ठरवलं नव्हतं. वर्गात उभं राहून बोलायची तेवढीच एक जागा होती.

"माझां नाव काडा," ती सचिवबाईंना म्हणाली. "आणि माझो विरोध आसा म्हणान बरया."

"विरोध कसलो तां तरी सांग," पुढच्या बाकावरून धाकू म्हणाला. धाकूचा मंडप आणि लाउडस्पीकरचा धंदा होता, शिवाय घरामागे भाड्याच्या खोल्याही. उषा त्यांतल्याच एका खोलीत राहायची. "सरळ सांग मगे. शाळा बंद पडली की गटाचां जेवणपण बंद. म्हणान पोटात दुखता."

मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"व्हय," शेवंती म्हणाली. "तांपण आसा. पाव-भाजीचे चार पैसे माका मेळतत, ते बंद जातले. आता तू सांग धाकू. हॉल झालो की मंडप कोणाचो लागतलो? मी माझ्या पोटाचां सांगितलंय, तू तुझ्या पोटाचां सांग."

या वेळी हसणं सगळीकडून आलं, अगदी सरपंचाच्या टेबलामागूनही. धाकूने चहाचा पेला तोंडाला लावला.

"तां सोड," खिडकीजवळ बसलेला एक जण म्हणाला, "पण पोरां भायल्यांची. आमच्या गावच्या पोरांची शाळा असती तर गोष्ट वेगळी."

"गावची पोरां इंग्रजी शाळेच्या बसीत बसतत, ती तुमी बसयतास म्हणान. त्यात या पोरांचो काय दोष?" शेवंती म्हणाली. "पाव वाढताना मी त्यांका तू खंयचो म्हणान विचारणंय नाय. भुकेचो असता, ताटली पुढे करता. रस्त्यापलीकडे रिक्षा करून धाडूया म्हणतास. पयले दोन म्हयने रिक्षा येतली, मगे? बरां, माझां र्‍हवांदी. या पोरांच्या आवयांक कोणी विचारलां? ही उषा हंय बसली आसा. बारा वर्सां या गावात र्‍हवता, हंय मत घालता. तिका विचारा."

उषाने पदर घट्ट केला. तिच्या घरात एकच नियम होता आणि तो आनंदाने, तिच्या नवऱ्याने, गावात पाऊल ठेवल्या दिवशीच घालून दिला होता. आपण भाड्याच्या खोलीतली माणसं. कामावर जायचं, मान खाली घालून परत यायचं, कोणी काही विचारलं तर माहीत न्हाई म्हणायचं. पोरीलाही तेच शिकवलेलं. आजही आनंदा पाळीवर गेला होता म्हणून ती इथे आली होती, आणि तीही शेवंतीताई म्हणाली म्हणून.

"सांग गो बाय," सरपंच म्हणाला. "तुझां कितें म्हणणां?"

उषा उभी राहिली. तिने आधी धाकूकडे पाहिलं, कारण खोली त्याची होती. धाकूही तिच्याकडेच बघत होता.

"आमचं काय म्हणणं न्हाई," ती म्हणाली.

"बघा," धाकू म्हणाला. "झालां?"

उषा खाली बसायला वाकली. पण बसली नाही, डेस्कला धरून तशीच अर्धवट उभी राहिली, आणि मग पुन्हा सरळ झाली.

"म्हणणं हाय," ती म्हणाली. "त्या रस्त्यानं ट्रक जात्यात. मी माझी पोरगी तिकडं धाडणार न्हाई. हितं शाळा हाय म्हणून तिला गावाकडं धाडली न्हाई, संगं ठेवली. आता शाळा बंद म्हणालासा तर मी न्हाईच म्हणणार. खोली सोडा म्हणालासा तर खोली सोडतो. पण व्हय म्हणणार न्हाई."

एवढं बोलून ती बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड पुसलं. शेवंतीला वाटलं, जाऊन तिला जवळ घ्यावं. पण ती फळ्याजवळची जागा सोडून हलली नाही, कारण अजून मतदान व्हायचं होतं.

गुरुदास केव्हातरी आत येऊन खुर्चीवर बसला होता. भाषणाचा कागद त्याच्या खिशातच राहिला. धाकूने अनुमोदक म्हणून आपलं नाव दिलं आणि सरपंच म्हणाला, "बाजूने कोण ते हात वर करा."

हात वर झाले. पुढच्या बाकांवर झाले, खिडकीजवळ झाले. पण मागे, जिथे बायका बसल्या होत्या, तिथे हात मांडीवरच राहिले. त्यांच्यापैकी दोघींनी आपल्या नवऱ्यांकडे पाहिलं, मग शेवंतीकडे पाहिलं आणि काही केलं नाही. मघाशी 'व्हय म्हाराजा' म्हटलेल्या म्हाताऱ्याने हात अर्धा वर नेला आणि डोकं खाजवून खाली घेतला. गुरुदासचा हात वर होता. तो वळून गौरवीकडे बघत होता. गौरवीने मोबाईल डेस्कवर पालथा घातला होता आणि तिचे दोन्ही हात डेस्कखाली होते.

मधुकर सरपंचाची सगळी हयात माणसांची तोंडं वाचण्यात गेली होती. त्याने विरोधात कोण, हे विचारलंच नाही.

"हो विषय पुढच्या सभेत घेवया," तो म्हणाला. "पोरांच्या आवय-बापायांकडे आधी बोलूक जाय. बरया बाय तसां."

सचिवबाई लिहू लागल्या. शेवंती टेबलापाशी गेली.

"माझां नाव काडलां?"

सचिवबाईंनी कागद तिच्याकडे फिरवला. तिने नावावर ओढलेली रेघ नीट बघून घेतली, मग शाळेच्या किल्ल्या उचलल्या आणि सगळे बाहेर पडण्याची वाट बघत दारात उभी राहिली. जाणाऱ्यांपैकी काहींनी तिच्याकडे बघणं टाळलं. उषा जाताना तिच्या दंडावर हात ठेवून गेली.

गुरुदास स्कूटर घेऊन पुढे निघून गेला. मायलेकी चालत आल्या. ऊन चांगलंच चढलं होतं.

घरी आल्यावर शेवंतीने हात-पाय धुतले, हुमण गरम केलं, बांगडे तळले. भाताचं भांडं, हुमण, तळलेले मासे, सगळं एकदमच आणून टेबलावर मांडलं. मग तिसऱ्या खुर्चीवरची जुनी वर्तमानपत्रं उचलून खाली ठेवली, आपलं ताट घेतलं आणि बसली. गुरुदासने तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या लग्नानंतर ती या टेबलावर त्याच्याबरोबर जेवायला बसली होती ती सणावाराला, पाहुणे असतील तेव्हाच, आणि तेव्हाही उठत-बसत.

गुरुदासने भात कालवला, काटे बाजूला काढले. शेवटी तो बोलला, पण बायकोशी नव्हे.

"तू हात वर केला नाहीस," तो गौरवीला म्हणाला. सभेतलं मराठी परत आलं होतं.

"नाही केला."

"भाषण तूच लिहिलं होतंस."

"लिहिलं होतं. चांगलंच झालं होतं."

"मग? माझ्या मागे माझं घरही उभं राहत नाही, हे आज सगळ्या गावाने बघितलं. माझा मुद्दा चुकीचा होता असं तुझं म्हणणं आहे का?"

"मुद्दा बरोबर होता की चूक, ते अजून मला माहीत नाही," गौरवी म्हणाली. ती नेहमीसारखी बोटं मोजत बोलत नव्हती, शब्द शोधत होती. "पप्पा, इतकी वर्षं आपण रोज दोन्ही बाजू घेऊन भांडलो. दोन्ही बाजू आपल्याच होत्या."

गुरुदासने घास घेतला नाही. त्याने ताटात बोट फिरवलं, पाणी प्यायला, भांडं खाली ठेवलं. त्याला राग आला होता, आणि तो राग कोणावर काढायचा हे कळत नव्हतं. बापासारखं ताट भिरकावणं त्याला जमण्यासारखं नव्हतं, ते त्याने कधीच सोडून दिलं होतं. शेवटी त्याने शेवंतीकडे न बघताच म्हटलं, आणि या वेळी घरच्याच भाषेत म्हटलं,

"बरां तर. सांग. तुझां कितें म्हणणां?"

एकदाचं संपवून टाकण्यासाठी विचारावं तसं त्याने विचारलं होतं. शेवंतीच्या ते लक्षात आलं. तिने हातातला घास संपवला, बांगड्याचा काटा ताटाच्या कडेला ठेवला आणि त्याच्याकडे सरळ पाहिलं.

"शाळेचां सांगू," ती म्हणाली, "की पयल्यापासून सांगू?"

गौरवीने आपली खुर्ची पुढे ओढून घेतली.